नाण्याएवढी कासवं घरी आणलीत, आता पावसाळ्यात त्यांना कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाहून रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी दोन हिरवी कासवं आणली, दुकानदाराने सोबत प्लास्टिकचा छोटा डबा आणि सुक्या कोळंबीची डबी दिली, आणि चार दिवस झाले तरी ती काही खात नाहीत. मी फोंड्यात अशी कासवं बरीच वर्षं पाळतोय. तुमच्या वर्णनावरून ती रेड-इअर्ड स्लायडर या परदेशी जातीची वाटतात. डोळ्यामागे लाल पट्टा आहे का, तेवढं बघून घ्या. शेतात किंवा ओहोळात सापडलेलं कासव असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडची रानटी कासवं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरात ठेवता येत नाहीत. तसं असेल तर वन खात्याला कळवा.

खाण्याची चिंता जरा बाजूला ठेवा. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार असलं की पचन मंदावतं आणि भूक जाते. पिल्लांना २६ ते २८ अंश पाणी लागतं. गोव्यात उन्हाळ्यात ते आपोआप मिळतं, पण जुलैच्या झडीत किंवा डिसेंबरच्या पहाटे मिळत नाही. थोडे पैसे वाचवायला थर्मामीटर टाळू नका. पाणी २५च्या खाली जात असेल तर छोटा ॲक्वेरियम हीटर लावा, आणि तो पूर्ण बुडालेला राहील याकडे लक्ष द्या.

तो डबा मात्र आजच बदला. त्यात पाय पसरायला जागा नाही आणि पाणी दिवसभरात घाण होतं. दोन फूट लांब काचेची टाकी उत्तम, नाहीतर कपडे भिजवायचा मोठा टब घ्या. पाणी निदान कवचाच्या रुंदीइतकं खोल हवं, म्हणजे उलटं पडलेलं पिल्लू सहज सरळ होतं. त्याहून उथळ पाणीच धोक्याचं. तळाला बारीक खडी नको, पिल्लं ती गिळतात. तळ मोकळा असला की साफसफाईही सोपी जाते.

आता कोरडी जागा. इथेच बहुतेक पिल्लं हातची जातात. पूर्ण अंग सुकेल असा उतरता कट्टा हवा, आणि तो पाण्याच्या वर हवा. जुन्या मंगळुरी कौलाचा तुकडा तिरका लावला तर त्याच्या खरखरीत पाठीवर पिल्लं सहज चढतात. चिऱ्याचा तुकडा टाकू नका, तो झिजतो आणि पाणी तांबडं होतं. कट्ट्यावर ३० ते ३२ अंश ऊब देणारा साधा बल्ब, आणि सोबत यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा. यूव्हीबीशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि मग कॅल्शियम पोटात जाऊनही कवच मऊ राहतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी चालत नाही, काच ते किरण अडवते. उघडीप असेल तेव्हा सकाळचं कोवळं ऊन द्या, पण अर्धा टब सावलीत ठेवा आणि वर जाळी घाला. थोडं पाणी भर उन्हात फार लवकर तापतं, आणि कावळ्याला असं पिल्लू उचलायला क्षणही पुरत नाही. पावसाचे चार महिने दिवाच ऊन आहे असं समजा, रोज दहा-बारा तास.

खाण्यासाठी कासवांचं गोळीखाद्य रोज, एकूण पिल्लाच्या डोक्याएवढं. ते पाण्यात द्या, कासव पाण्यातच गिळतं. दुकानातली सुकी कोळंबी हा पूर्ण आहार नव्हे, अधूनमधून चालेल. बाजारातला खारवलेला जवळा तर नकोच. कॅल्शियमसाठी टाकीत समुद्रफेनाचा, म्हणजे माकुलाच्या पाठीतल्या पांढऱ्या हाडाचा, तुकडा ठेवा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. किनाऱ्यावर सापडलेला असेल तर गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा. गाजराची किंवा पालेभाजीची पाती लहानपणी दुर्लक्षित राहतात, वय वाढेल तशी ती आवडीने खातात.

डोळे सुजून मिटलेले, नाकातून बुडबुडे, तिरकं पोहणं, बोटाने दाबल्यावर कवच दबणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. पिल्लांत तग धरायची ताकद थोडीच असते.

हात लावल्यावर साबणाने हात धुवा, मुलांना नीट शिकवा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, म्हणूनच अमेरिकेत १९७५पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे.

एक अजून, आणि हे मी कळकळीने सांगतो. मादी मोठी झाल्यावर फूटभर होते आणि वीस-तीस वर्षं जगते. नकोशी झाली म्हणून करमळीच्या किंवा मयेच्या तळ्यात सोडायचा विचार मनात आणू नका. हे मूळचे अमेरिकेतले कासव, इथल्या कासवांच्या जागा आणि अन्न बळकावतं. सांभाळणं जमणार नसेल तर आताच, लहान असतानाच, सांभाळणारं माणूस शोधा. दोघांपैकी एक दुसऱ्याची शेपटी चावत असेल तर मधे आडोसा घालून वेगळी ठेवा. पाणी तापवल्यावरही दोन-तीन दिवसांत ती खायला लागली नाहीत तर इथेच टाकीचा फोटो टाका, मी बघतो.