ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल: कुठलं टाकायचं, कधी बदलायचं? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

गेल्या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचे होते. गॅरेजमध्ये मी हे काम रोज करतो, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच सांगतो. आधी एकच गोष्ट पक्की करा. तुमच्या गाडीत गिअरबॉक्स नेमका कुठल्या जातीचा आहे, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे देणारा), सीव्हीटी (पुली आणि पट्ट्यावर चालणारा), डीसीटी (दोन क्लचवाला) की एएमटी (आतून मॅन्युअलच, पण क्लच-गिअर कॉम्प्युटर हलवतो तो)? हे कळल्याशिवाय ऑइलच्या दुकानात जाऊच नका.

प्रश्न (अहिल्यानगर): वॅगनआर एजीएस आहे, ६० हजार किमी झालेत. हल्ली पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका मारते. कुठलं एटीएफ (ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल) टाकू?

कुठलंच नाही दादा. एजीएस म्हणजे एएमटी, २०१४ ला सेलेरिओबरोबर आपल्याकडे आली ती. आतमध्ये साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेटच आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी कॉम्प्युटर करतो. त्यामुळे गिअरबॉक्समध्ये मॅन्युअल गाडीचंच गिअर ऑइल लागतं आणि क्लच-गिअर हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं असतं, त्याची छोटी टाकी असते, तिची लेव्हल बघून घ्या. झटका बहुतेक वेळा क्लच झिजल्यामुळे असतो किंवा क्लचचं लर्निंग (क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला शिकवणं) स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून परत करायचं राहिलेलं असतं. आधी ते बघा, ऑइलवर पैसे नका घालवू.

प्रश्न (ठाणे): माझ्याकडे २०१० ची होंडा सिटी ऑटोमॅटिक आहे, भावाकडे २०१५ ची, तीही ऑटोमॅटिक. दुकानदार म्हणतो एकच युनिव्हर्सल एटीएफ घ्या, दोन्हीला चालतं. घेऊ का?

नका घेऊ. नाव दोन्हीचं सिटी असलं तरी गिअरबॉक्स पूर्ण वेगळे आहेत. तुमच्या २०१० च्या गाडीत ५ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स आहे, त्याला होंडाचं एटीएफ डीडब्ल्यू-१ लागतं. भावाच्या गाडीत सीव्हीटी आहे आणि तिला होंडाचं सीव्हीटीचं ऑइल, एचसीएफ-२. आता हे एवढं कडक का, तर सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा असतो, आणि सगळी ताकद त्या स्टीलवरच्या स्टीलच्या पकडीतून जाते. म्हणजे ऑइलने वंगणही करायचं आणि पट्टा घसरूही द्यायचा नाही, हे दोन्ही एकाच वेळी. साधं एटीएफ या कामासाठी बनवलेलंच नसतं. ते टाकलं की पट्टा सूक्ष्म घसरायला लागतो, पुलीवर ओरखडे येतात, आणि मग ऑइल बदलून काही उपयोग नाही, पूर्ण गिअरबॉक्सच उतरवावा लागतो.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांमध्येसुद्धा एक दुसऱ्याला चालेलच असं नाही. टोयोटाचं डब्ल्यूएस नावाचं एटीएफ हे जुन्या डेक्सरॉन ३ एटीएफपेक्षा बरंच पातळ आहे, आणि गिअरबॉक्सच्या आतला कुठला क्लच किती दाबाने कधी धरायचा याचा कॉम्प्युटरचा हिशोब त्या पातळपणावर बसवलेला असतो. ह्युंदाई-कियाच्या ६ स्पीडला एसपी-४ लागतं आणि जुन्या ४ स्पीडला एसपी-३, नंबरातला फरक छोटा दिसतो पण ऑइलं वेगळी आहेत. दुसऱ्या चांगल्या कंपनीचं ऑइल घ्यायला माझा विरोध नाही, पण कॅनच्या मागे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला (गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातला) तोच कोड स्पष्ट छापलेला पाहिजे. नुसतं "सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी" लिहिलेलं असेल तर परत ठेवा.

आणि रंगावर जाऊ नका. लाल रंग हा फक्त डाय आहे, गळती कुठून आहे ते ओळखू यावं म्हणून घातलेला. लाल ते लाल सारखं असं अजिबात नसतं.

प्रश्न (सांगली): इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक, २०१७ मॉडेल, १ लाख ४० हजार किमी. गिअर ऑइल एकदाही बदललेलं नाही. एक जण म्हणतो लाइफटाइम असतं, दुसरा म्हणतो आता हात लावलास तर गिअरबॉक्स बसेल. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि यात लोकांचं खरंच नुकसान होतं म्हणून सविस्तर सांगतो.

लाइफटाइम नावाचं ऑइल नसतं. बीएमडब्ल्यू, जग्वारसारख्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी घ्या, गाडीवाले त्या ऑइलला लाइफटाइम म्हणतात आणि झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षं, यात जे आधी होईल तेव्हा बदला. ऑइल मरतं ते उष्णतेने. आपल्याकडे मे महिन्यातली ४२ डिग्री, त्यात ट्रॅफिकमध्ये क्लचचा सतत खेळ आणि सात माणसं भरून घाट चढणं, ही सगळी मॅन्युअलच्या भाषेत "सिव्हिअर" (कठीण) वापरात मोडते, आणि त्या रकान्यातलं अंतर कमी असतं. तो रकाना कोणी वाचतच नाही. माझं मत विचाराल तर टॉर्क कन्व्हर्टरला ६० ते ८० हजार आणि सीव्हीटीला ४० ते ५० हजार किमीला ऑइल बदलावं, आणि मॅन्युअलमध्ये याहून कमी दिलं असेल तर तेच पाळावं.

आता "हात लावला की बसतो" हे कुठून आलं? बहुतेक वेळा असं होतं की गिअरबॉक्स आधीच घसरत असतो, म्हणजे आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही, डी टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी गाडी पकडते, ऑइलला जळका वास येतो, आणि मग मालक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतो. क्लच प्लेटचं लायनिंग संपलेलं असतं, ते ऑइलने परत येत नाही, आठवड्यात गिअरबॉक्स जातो आणि नाव नवीन ऑइलचं होतं. तुमच्या गाडीत यातलं काही नसेल, गिअर मऊ पडत असतील, तर बदला, घाबरू नका.

फक्त मशीन लावून प्रेशरने फ्लश करू नका, इतक्या किमीनंतर तर नाहीच. साधं ड्रेन करून भरा. एकदा ड्रेन केल्यावर सगळं ऑइल येत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतं. समजा एकूण ७ लिटर आहे आणि ड्रेनमधून ३ लिटर आलं, तर एका वेळी ४३ टक्के नवीन झालं. हजार-दीड हजार किमी चालवून परत तेच केलं की ६७ टक्के, तिसऱ्यांदा ८१ टक्के. ऑइल थोडं जास्त लागतं पण गिअरबॉक्सला धक्का न लावता काम होतं.

जमलं तर चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा ट्रे) उतरवायला सांगा आणि समोर उभे राहा. चेंबरच्या तळाला लोहचुंबक चिकटवलेले असतात. त्यांच्यावर करड्या रंगाचा, टूथपेस्टसारखा मऊ थर असतो, बोटाने पुसला की बोट काळं होतं आणि कण हाताला लागत नाहीत. हे नॉर्मल आहे, इतक्या किमीला असणारच. पण बोटाला टोचणारे चमचमते तुकडे आले तर तो धातूचा चुरा आहे, मग ऑइल भरण्याआधी थांबा आणि गिअरबॉक्सवाल्याला दाखवा. आणि ऑइल गुलाबी मिल्कशेकसारखं फेसाळ निघालं तर रेडिएटरमधला कूलर फुटून कुलंट आत शिरलंय, तेव्हा गाडी एक किमीही चालवू नका.

प्रश्न (पुणे): माझ्या गाडीला गिअर ऑइलची डिपस्टिकच नाही. मग लेव्हल कशी बघतात? बाहेरच्या गॅरेजमध्ये करून घेतलं तर चालेल का?

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना नसते. गिअरबॉक्सला एक चेक प्लग असतो. गाडी रॅम्पवर एकदम सपाट पाहिजे, इंजिन चालू, सगळ्या गिअरमधून एकदा फिरवून पी मध्ये, आणि ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघत राहायचं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला (बऱ्याच गाड्यांना ४० डिग्रीच्या आसपास) प्लग उघडला की धार येऊन ती बारीक होत थेंबांवर आली पाहिजे, मग लेव्हल बरोबर. ऑइल गरम झालं की फुगतं, म्हणून फार तापल्यावर बघितलं तर भरपूर आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात कमी भरलं जातं. डिपस्टिक असेल तरी प्रत्येकाची पद्धत वेगळी, बहुतेकांना इंजिन चालू ठेवून बघतात, पण जुन्या होंडाला इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांत.

बाहेर करून घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांच्याकडे स्कॅनर आहे का आणि ही तापमानाची गोष्ट त्यांना माहीत आहे का ते विचारा. दोन गोष्टी स्वतः बघा. पहिली, खालचा ड्रेन नट खोलण्याआधी भरायचा नट खोलून दाखवायला सांगा. तो जाम असेल किंवा त्याची धार मारली गेली, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी तिथेच अडकते. दुसरी, तो नट गिअरबॉक्सचाच आहे ना याची खात्री. माझ्याकडे एक सीव्हीटी गाडी ट्रकवर घालून आली होती, कुठल्यातरी गॅरेजमध्ये इंजिन ऑइल बदलायचं म्हणून गिअरबॉक्सचा ड्रेन खोलला आणि वरून नवीन ऑइल इंजिनमध्ये ओतलं. इंजिनात दुप्पट ऑइल, गिअरबॉक्स कोरडा. मालक तशीच घरी निघाला होता, थोडंच अंतर गेला. पट्टा संपला. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून एवढं सांगतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): पोलो जीटी टीएसआय, ७ स्पीड डीएसजी (फोक्सवॅगनचा डीसीटी). ट्रॅफिकमध्ये थरथरते. ऑइल बदलून थांबेल?

बहुधा नाही. या ७ स्पीडचे क्लच कोरडे आहेत, ऑइलमध्ये बुडालेले नाहीत, त्यामुळे थरथर क्लचची असते. ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकवू नका, पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदम हला, आणि चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा. ऑक्टाव्हिया डिझेलचा ६ स्पीड डीएसजी मात्र ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा आहे, त्याचं ऑइल आणि फिल्टर ६० हजार किमीला बदलायचंच.

प्रश्न (सातारा): खंबाटकी घाटात ऑटोमॅटिक बंद पडली तर न्यूट्रलमध्ये टाकून दोर लावून ओढली तर चालते का?

रस्त्याच्या कडेला घेण्यापुरती चालेल, त्यापुढे नाही. गिअरबॉक्समधला ऑइल पंप इंजिन फिरवतं. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकं फिरत राहिली की आतले भाग कोरडेच घासले जातात. गाडी उचलून नेणारी फ्लॅटबेड मागवा. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल आणि फ्लॅटबेड मिळतच नसेल तर निदान पुढची दोन्ही चाकं उचलूनच न्या. विमा घेताना रोडसाइड असिस्टन्स आहे का, आणि त्यात फ्लॅटबेड येते का, हे आजच एजंटला फोन करून विचारून ठेवा.