कागद मागू नका, बघायला मागा

प्रश्न : बाई, अंबाजोगाईच्या जुन्या गावातल्या आमच्या गल्लीत नऊ जणांनी मिळून इतिहास मंडळ काढलं आहे. नाव ठरलं, फलकही रंगवून झाला. जुने कागद, नाणी, भांडी जमवून एका खोलीत छोटं संग्रहालय करायचा विचार आहे. पण घरोघर गेलो तर कुणी कागद दाखवत नाही. 'कामून पायजे?' असं उलट विचारतात. मंडळाची नोंदणी नाही म्हणून असं होतंय का?

उत्तर : नोंदणीचा आणि याचा काही संबंध नाही. तुम्ही नऊ जण एकदम दारात उभे राहिलात, त्याचा आहे.

मी पटवाऱ्याची मुलगी. आमच्या घरी फडताळात कापडी रुमालांत बांधलेली दप्तरं असायची आणि माणसं चपला बाहेर काढून, आवाज खाली करून विचारायची, 'आमच्या नंबराबद्दल काय लिवलंय?' मराठवाड्यात जुना कागद म्हणजे जमीन. १९४९मध्ये जहागिरी गेल्या, १९५०मध्ये कूळकायदा आला, पुढं इनामं गेली. प्रत्येक वेळी कागदावर कुणाचं गेलं, कुणाला मिळालं. ज्यांचं गेलं आणि ज्यांना मिळालं ते आजही एकाच गल्लीत राहतात. तेव्हा आजोबांची पेटी उघडा म्हटलं की त्या घराला सातबारा आठवतो. यात त्यांचं काही चुकत नाही.

म्हणून कागद मागूच नका. 'बघायला मिळेल का?' एवढंच म्हणा. दोघंच जा, त्यातली एक बाई असू द्या. त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्या डोळ्यांसमोर मोबाईलवर फोटो काढा आणि कागद जागेवर त्यांच्या हातात द्या. 'चार दिवसांत आणून देतो' हे वाक्य तोंडातून काढू नका. या वाक्यानं मराठवाड्यातले किती रुमाल रिकामे झाले, त्याची मोजदाद नाही. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

मग त्या कागदात काय आहे ते त्यांना वाचून सांगा. खरी देवाणघेवाण ही आहे. मोडी आणि उर्दू, दोन्ही वाचणारं माणूस लागेल. मोडीचे वर्ग आता ठिकठिकाणी होतात. उर्दूसाठी गावातल्या उर्दू शाळेच्या निवृत्त गुरुजींकडे जा, त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. दोन गोष्टी आधीच ध्यानात ठेवा. निजामाच्या काळातल्या कागदांत 'अंबाजोगाई' शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही, तिथं तुमचं गाव मोमिनाबाद आहे. आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं असेल. इंग्रजी साल हवं तर त्यात ५९० मिळवा. हे वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळं जानेवारीनंतरची तारीख असेल तर ५९१. जहागिरी रद्द करणाऱ्या कायद्यावरच बघा ना, साल १३५८ फसली आहे आणि तो लागू झाला १५ ऑगस्ट १९४९ला.

खोलीचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे : वस्तू जमवू नका. वाळवी, उंदीर आणि मंडळातलं भांडण, या तिन्हींतून वस्तू वाचवायला पैसा लागतो आणि अख्खा जन्म घालावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंचं आज सरकारी संग्रहालय आहे. तसा माणूस तुमच्यात असेल तर मी माझे शब्द मागे घेते. शिवाय १९७२चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांवरची मूर्ती त्यात येते, पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची पोथीही येते, आणि मूर्तीसारख्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. पाया खणताना नाण्यांचं मडकं सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, मंडळाच्या कपाटात ठेवायचं नसतं.

तुमच्याच गावातली संतकवी दासोपंतांची पासोडी घ्या. चाळीसेक फूट लांब कापड, त्यावर लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे त्यांची वेदान्तावरची रचना. पिढ्यान्‌पिढ्या जपणारी माणसं होती म्हणून ते टिकलं. तुम्ही फक्त वही ठेवा : कुणाच्या घरी काय आहे, कुठल्या दिवशी पाहिलं, कुणी सांगितलं, पुढं दाखवायला त्यांची हरकत आहे का. ही वही गावभर फिरवू नका. त्यात चोरांना हवं ते सगळं असतं.

नोंदणी पैसे हातात येतील तेव्हा करा. संस्था नोंदणीच्या १८६०च्या कायद्याला सात माणसं पुरतात, तुम्ही नऊ आहात. महाराष्ट्रात १९५०च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद होते आणि मग दरवर्षी हिशेबतपासणी मागे लागते. ती झेपेल असं वाटलं तर जा.

प्रश्न : आमच्या वेशीजवळ शेंदूर लावलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड आहे. तो ऑइलपेंटनं रंगवून चौथऱ्यावर बसवावा म्हणतो. (परभणी जिल्हा)

उत्तर : ऑइलपेंट नको, चौथरा नको, सिमेंट नको. शेंदूरही खरवडू नका. ज्या घरची बाई अमावस्येला तिथं नारळ फोडते तिला आधी विचारा. फोटो संध्याकाळी, ऊन तिरपं पडल्यावर काढा : खालच्या चौकटीतली लढाई, मधल्या चौकटीतल्या अप्सरा, वरचं शिवलिंग आणि सूर्यचंद्र आपोआप उठून दिसतील.

प्रश्न : आमचं गाव १९९३च्या भूकंपात गेलं. नव्या जागेवर सगळं सरळ रेषेत आहे. मुलं विचारतात, जपायचं काय? (लातूर जिल्हा)

उत्तर : जुन्या गावचा नकाशा. पन्नाशीच्या पुढची माणसं एकत्र बसवा, बायकांना वेगळं बसवा, कारण त्यांचं गाव पाणवठा, जातं आणि शेजारणींच्या माळवदांवरून, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवरून जाणाऱ्या वाटांचं असतं. त्याच जाड दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं ३० सप्टेंबरच्या पहाटे अंगावर आली, म्हणून त्यांच्याविषयी बोलायला लोक कचरतात. घाई करू नका. गढी, पार, बारव, मशीद, सुताराचा कामठा, कुणाच्या घराला लागून कुणाचं घर, एवढंच विचारत जा.

तिथून गोष्ट १९४८पर्यंत जाईलच. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी लुटलेलं घर एका गल्लीत असेल, भारतीय फौजा आल्या त्या पोलीस ॲक्शननंतर रिकामं झालेलं पलीकडच्या. दोन्ही लिहा, नावं छापण्याआधी घरच्यांना विचारा. त्या वेळी दहा वर्षांची असलेली पोरं आता नव्वदीला टेकली आहेत, तेव्हा ते काम नकाशाच्याही आधी घ्या.

नकाशा पेन्सिलीनं काढा. एकाच जागेवर दोघांचं घर निघेल आणि दोघं हमरीतुमरीवर येतील. खोडू नका, दोन्ही नावं तिथं लिहून ठेवा.