वाचकांचे प्रश्न : ग्रुपवर कोणी किती वेळा लिहावे?

प्रश्न : सोलापूरचा इतिहास आणि आजचे शहर या विषयांवर चर्चा व्हावी म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळींनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप सुरू केला. सभासद दोनशेच्या वर गेले, पण लिहिणारे तेच ते आठ-दहा. त्यांतले दोघे तर सकाळच्या चहापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत लिहीत असतात. बाकीचे वाचतात की नाही, हेही कळत नाही. म्हणून प्रत्येकाने आठवड्यातून निदान एकदा लिहावे आणि महिनाभर गप्प राहणाऱ्याला ग्रुपमधून कमी करावे, असा नियम करण्याचा विचार आहे. अडचण अशी की, यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या एका सभासदाने पावसाळ्यापासून एकदाच लिहिले आहे आणि ते लिखाण सर्वांना फार आवडले होते. नियम लावला तर त्यांचेही नाव जाईल. काय करावे? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हा नियम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण ज्याला ग्रुपचे दुखणे समजत आहात, ती बहुतेक सर्व मोठ्या समूहांची स्वाभाविक प्रकृती आहे, आणि ती मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आल्फ्रेड लोटका या अभ्यासकाने १९२६ साली रसायनशास्त्रातील लेखांच्या सूचीवरून कोणत्या लेखकाच्या नावावर किती लेख आहेत, याची मोजणी केली. ज्यांचा एकच लेख होता त्यांच्या तुलनेत दोन लेख लिहिणारे सुमारे एक चतुर्थांश आणि तीन लिहिणारे सुमारे एक नवमांश निघाले, आणि एकूण लेखकांपैकी जवळपास ६० टक्के मंडळी एका लेखावरच थांबलेली आढळली. हे सगळे शास्त्रज्ञ होते, लिहिणे हा ज्यांच्या कामाचाच भाग होता. तेव्हा फावल्या वेळात मोबाइल उघडणाऱ्यांकडून अधिक अपेक्षा कशी करणार? पुढे २००६ मध्ये याकोब नीलसन यांनी इंटरनेटवरील समूहांविषयी एक ठोकताळा मांडला, तो असा की शंभरांतले ९० जण केवळ वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतांश मजकूर उरलेल्या एकाचा असतो. हे काटेकोर माप नव्हे. तरीही दोनशेंमध्ये आठ-दहा जण नियमित लिहीत असतील, तर आपला ग्रुप या ठोकताळ्यापेक्षा बराच बोलका म्हणावा लागेल.

मौनाचे प्रमाण विषयानुसारही बदलते. ब्लेअर नॉनेके आणि जेनी प्रीस या अभ्यासकांनी ई-मेलवर चालणाऱ्या चर्चागटांची पाहणी करून २००० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आजारपणात परस्परांना आधार देणाऱ्या गटांमध्ये न लिहिणारे सभासद सुमारे ४६ टक्के होते, तर संगणकप्रणालीच्या अडचणी सोडवणाऱ्या गटांमध्ये ते ८२ टक्क्यांपर्यंत गेले होते. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण साधे आहे. स्वतःच्या दुखण्याविषयी प्रत्येकाला काही ना काही सांगता येते. यंत्राविषयी ज्याला ठाऊक आहे तो सांगतो आणि इतर जण उत्तर घेऊन आपल्या कामाला लागतात. इतिहास हा विषय दुसऱ्या प्रकारात मोडतो. १९३० साली सोलापुरात लागू झालेल्या मार्शल लॉविषयी, म्हणजे लष्करी अंमलाविषयी, चर्चा चालली असताना ज्याने त्यावर काही वाचलेले नाही, तो गप्प बसून ऐकतो, आणि त्याने तसेच करावे.

आपण सरासरी काढून पाहिली असेल, तर तिच्यावर विसंबू नका. समजा, २०० सभासदांच्या ग्रुपमध्ये महिन्याला ६०० मेसेज आले, तर सरासरी माणशी तीन पडते. पण त्यांतील ५४० दहा जणांचे असतील, तर उरलेल्या १९० जणांच्या वाट्याला ६० येतात, म्हणजे त्यांतील निदान १३० जणांनी एकही मेसेज लिहिलेला नसतो. ‘सभासद महिन्याला सरासरी तीनदा लिहितात’ हे वाक्य हिशेबाने बरोबर असूनही त्यात वर्णन केलेला सभासद ग्रुपमध्ये शोधून सापडत नाही. शिवाय महिन्यामहिन्यांतला फरकही लक्षात घ्यावा लागतो. १२ जानेवारीचा हुतात्मा दिन आणि त्याला लागूनच येणारी सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा या दिवसांत आपल्याकडे मेसेजचा पूर येत असेल. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी झाली, हे सांगणारे मेसेज आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीची छायाचित्रे एकाच आठवड्यात येतात, मग फेब्रुवारीत सामसूम होते. ती सामसूम पाहून ग्रुप मरगळला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

आता नियमाचा परिणाम पाहू. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नाही, त्यांना आठवड्याला एकदा लिहायला भाग पाडले, तर ते शनिवारी रात्री हात जोडलेले चित्र किंवा ‘शुभ सकाळ’ची फुले पाठवतील. हजेरी लागेल आणि ग्रुप वाचनीय राहणार नाही. उलट ज्या सभासदांचा आपण उल्लेख केला आहे, त्यांच्या त्या एका मेसेजची प्रत आपण पत्रासोबत जोडली आहे, ती मी वाचली. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डच्या (मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राच्या) पुठ्ठ्यांवर कशी अवलंबून असते, म्हणजे पुठ्ठ्याला जिथे भोक असते तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, जिथे भोक नसते तिथला खालीच राहतो, आणि एक पुठ्ठा इकडचा तिकडे शिवला गेला तर मोराची मान कशी तुटक दिसते, हे त्यांनी आठ-दहा ओळींत सांगितले आहे. असा मजकूर दर आठवड्याला मागून मिळत नसतो. विषय निघाला, म्हणून ते बोलले. पुन्हा निघाला तर पुन्हा बोलतील, मात्र त्या वेळी ते ग्रुपमध्ये असायला हवेत.

सभासद वाचतात की नाही, ही शंका दूर करणे अवघड नाही. स्वतः पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून ‘माहिती’ उघडली, की तो कोणी वाचला याची यादी दिसते. निळ्या खुणा बंद ठेवणाऱ्यांनाही ग्रुपमध्ये ही सवलत मिळत नाही. ती यादी एकदा पाहा, पण तिचा उपयोग कोणाला जाब विचारण्यासाठी करू नका.

मला काळजी वाटते ती आपल्या त्या दोन अखंड लिहिणाऱ्यांची. एखाद्याने विचारले, की भुईकोट किल्ल्यावर काय वाचावे, आणि मिनिटभरात त्यांपैकी एकाने तीन मेसेज टाकले, की उरलेल्यांना बोलायला जागा उरत नाही. ज्याच्याकडे थोडीशी वेगळी माहिती होती, तो ‘झाले आता’ म्हणून मोबाइल खाली ठेवतो. अशी मंडळी बहुधा मनापासून ग्रुपसाठी झटत असतात, म्हणून त्यांना चारचौघांत टोकू नये. संचालकांपैकी ज्याचा त्यांच्याशी घरोबा आहे, त्याने त्यांना फोन करावा आणि एवढीच विनंती करावी की प्रश्न आला तर संध्याकाळपर्यंत थांबा, तोवर कोणी बोलले नाही तर अवश्य लिहा. माणशी दिवसाला इतकेच मेसेज, अशी मर्यादा घालण्याच्या भानगडीत पडू नका. मग लोक चार मेसेजचा मजकूर एकात कोंबतात.

आणि मोजायचेच असेल, तर वेगळे मोजा. ‘चॅट एक्स्पोर्ट’ करून महिन्याभराचा मजकूर कागदावर घ्या आणि विचारलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना उत्तर मिळाले, ते कितीजणांनी दिले आणि नव्या सभासदाच्या पहिल्या मेसेजला कोणी प्रतिसाद दिला का, एवढे पाहा. पहिलाच मेसेज कोरडा गेलेला माणूस सहसा दुसरा लिहीत नाही.

प्रश्न : मी एका वाचनप्रेमींच्या ग्रुपवर वर्षभर आहे. सगळे वाचते, पण लिहीत नाही. आमच्या घरात तेलुगू बोलतात. शिक्षण मराठीत झाले असले, तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि लोक हसतील, अशी भीती वाटते. नुकतेच एका सभासदाने ‘नुसते वाचणारे फुकटे’ असे लिहिले आणि ते मनाला लागले. ग्रुप सोडावा का? — एक वाचक, अशोक चौक

उत्तर : ग्रुप अजिबात सोडू नये. नॉनेके आणि प्रीस यांनी डॉरीन अँड्र्यूज यांच्यासह २००४ मध्ये न लिहिणाऱ्यांनाच न लिहिण्याची कारणे विचारली होती. निम्म्याहून अधिक लोकांचे उत्तर होते की नुसत्या वाचनाने काम भागते, लिहिण्याची गरज पडत नाही. काहींना तर आपण न लिहून गर्दी टाळतो, म्हणजे एक प्रकारे मदतच करतो, असे वाटत होते. यांपैकी कोणालाही फुकटे म्हणता येणार नाही. वाचणारेच नसतील, तर त्या टीकाकारांनी लिहायचे कोणासाठी?

भाषेची भीती मात्र वेगळी आहे, कारण तेथे आपल्याला बोलायचे आहे आणि कोणीतरी अडवत आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बोळात ऐकू येणाऱ्या या शहरात वेलांटीवरून माणसाची किंमत करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. सुरुवात लांबलचक अभिप्रायाने करू नका. कोणी एखादे पुस्तक कुठे मिळेल असे विचारले आणि आपण ते हिराचंद नेमचंद वाचनालयात पाहिले असेल, तर तेवढी एक ओळ लिहा. नाहीतर आवाजात मेसेज पाठवा. तेथे ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : मी होटगी रस्त्यावरील एका सोसायटीचा सचिव आहे. ‘पाणी आले का’, ‘कधी येणार’ असे तेच तेच मेसेज दिवसभर येत, म्हणून मी ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असे केले. कोणी भलतेसलते टाकले तर पोलीस ॲडमिनला धरतात, असेही ऐकले होते. आता ग्रुप शांत आहे, पण सगळे मलाच फोन करतात. — एक सचिव

उत्तर : नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हा प्रश्न लोक विचारणारच, आपण तो ग्रुपवरून उचलून स्वतःच्या कानाला लावून घेतला आहे. भीतीपुरते सांगायचे, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला आहे की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा हा ग्रुप सर्वांसाठी पुन्हा खुला करा आणि सूचनांसाठी दुसरा ग्रुप काढून तो ॲडमिनपुरता ठेवा. पाण्याचा दिवस आणि वेळ कळताच तो मेसेज खुल्या ग्रुपवर पिन करा. २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असे पर्याय मिळतात, त्यांतला ७ दिवसांचा आपल्याला पुरेल, आणि पाळी बदलली की जुना पिन काढून नवा लावण्याचे काम सोसायटीतील कोणा दुसऱ्याकडे सोपवा.