घरचा ग्रॅनोला बार : चिकटपणा कशाचा घ्यावा?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. शाळा आणि शिकवणी यांच्या मधल्या वेळेत ती दुकानातला ग्रॅनोला बार, म्हणजे ओट्स आणि दाण्यांची गोड वडी, खाते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचून मला शंका आली, म्हणून मी तो घरी करून पाहिला आणि साखरेऐवजी मध व गूळ मिळून एक वाटी घातले. पहिल्या खेपेस बार हातात घेताच भुगा झाला. दुसऱ्या खेपेस पाक जास्त उकळला, तर तो बत्त्याने फोडावा लागला. असा बार कमी गोड करता येतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करता येतो, परंतु त्यासाठी साखरेचे नाव बदलून भागत नाही. आपल्याकडे वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. साखर, ग्लुकोज सिरप, मध आणि माल्टचा अर्क असे चार गोड पदार्थ थोडेथोडे वापरले, की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि ओट्स पहिल्या क्रमांकावर दिमाखात बसतात. ही चारही नावे एकत्र धरून यादी वाचावी. हाच निकष घरच्या कढईलाही लावला पाहिजे. मधाचे सुमारे ८० टक्के वजन साखरेचे असते आणि गुळात हे प्रमाण त्याहूनही थोडे अधिकच असते. गुळात लोह असते हे खरे. मात्र एका बारमध्ये येणाऱ्या अर्ध्या चमचा गुळातून मिळणारे लोह हिशेबात धरण्याजोगे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत राहावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते, आणि मधाची गणनाही त्यातच केली जाते.

आता तुमच्या भुग्याकडे आणि बत्त्याकडे वळू. बारमधली साखर दोन कामे करते : ती गोडवा देते आणि सुटे दाणे एकमेकांना धरून ठेवते. गोडवा कमी झाला तर जीभ हळूहळू जुळवून घेते, पण पकड सुटली तर बार उरतच नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ साली ‘ग्रॅन्युला’ नावाचा, ग्रॅनोलाचा पूर्वज म्हणावा असा जो पदार्थ केला, तो कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा आणि दोनदा भाजलेला होता. तो इतका टणक होई, की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय खाता येत नसे. हातात धरून खाण्याच्या बारला मात्र काहीतरी चिकटवणारे लागतेच. आपल्या चिक्कीत हे काम गुळाचा पक्का पाक करतो : तो १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला, की त्यातले पाणी जवळजवळ संपते आणि थंड झाल्यावर तो काचेसारखा कडक होऊन शेंगदाणे घट्ट धरतो. पाण्यात टाकलेला थेंब ‘कट्’ आवाज करून मोडतो, ती हीच अवस्था. दुसऱ्या खेपेस तुम्ही नकळत ओट्सची चिक्की केलीत. पहिल्या खेपेचा पाक कच्चा होता, आणि माझा अंदाज असा, की बदाम-अक्रोडही अख्खे किंवा मोठ्या तुकड्यांत घातले असावेत. मऊ बारसाठी पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर बोटांनी वळता येईल अशी मऊ गोळी व्हावी. हे तापमान ११२ ते ११६ अंशांचे असते.

परंतु माझे मत असे आहे, की कमी गोड बारसाठी पाकाच्या वाटेला जाऊच नये. पकडीचे काम खजूर आणि शेंगदाण्याचे लोणी यांच्यावर सोपवावे. खजुरातही साखरच असते, वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश. तथापि तिच्याबरोबर तंतुमय पदार्थही येतात आणि शेंगदाण्याच्या लोण्यातून प्रथिने व स्निग्धांश मिळतात, त्यामुळे त्यावर पोट टिकते.

प्रमाण असे घ्यावे. रोल्ड ओट्स १५० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ३० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे ७५ ग्रॅम, तीळ आणि जवस प्रत्येकी २५ ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम, शेंगदाण्याचे बिनसाखरेचे लोणी ७५ ग्रॅम, मध ३० ग्रॅम आणि पाव चमचा मीठ. मीठ वगळू नये. कमी गोड पदार्थाची गोडी तेच वर आणते. शेंगदाण्याचे लोणी विकत आणण्याची गरज नाही. गरम शेंगदाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत. आधी कूट होते, मग त्याचा गोळा होतो आणि अखेरीस तेल सुटून ते सैल पडते. गोळा झाल्यावर अनेक जण मिक्सर बंद करतात, तसे करू नये.

ओट्स १५० अंशांवर १२ ते १५ मिनिटे किंवा कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटे खमंग भाजावेत. कच्च्या ओट्सना पिठूळ चव राहते आणि ती झाकण्यासाठीच मग हात मधाकडे वळतो. तीळ व जवस वेगळे भाजून जवस भरड वाटावे, कारण अख्खे जवस पुष्कळदा न पचताच बाहेर पडते. शेंगदाण्यांचे तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे करावेत. मोठ्या तुकड्याभोवती बार दुभंगतो. खजूर दोन-तीन चमचे गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून त्याच पाण्यासह वाटावा, त्यात लोणी, मध आणि मीठ घालून मंद आचेवर कोमट करावे आणि सगळे कोरडे जिन्नस हाताने मळल्यासारखे मिसळावेत. लाह्या शेवटी घालाव्यात.

यापुढची पायरी बहुतेक जण उरकून टाकतात, आणि भुगा होण्याचे खरे कारण तिथेच असते. २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेमध्ये बटर पेपर घालून मिश्रण ओतावे आणि सपाट बुडाच्या वाटीला तूप लावून, विशेषतः कडांना आणि कोपऱ्यांत, चांगले जोर देऊन दाबावे. हात दुखेपर्यंत दाबा, असे मी माझ्या वर्गात सांगते. मग १६० अंशांवर २० मिनिटे भाजून पूर्ण गार होऊ द्यावे, तासभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्यानंतरच धारदार सुरीने कापावे. चिक्की गरम असताना कापतात. या बारचे त्याच्या अगदी उलट आहे. ओव्हन नसेल तर दुसऱ्यांदा भाजणे सोडून द्यावे; बार थोडा मऊ होतो आणि फ्रिजमध्येच ठेवावा लागतो.

याचे १६ बार होतात. एका बारमध्ये साधारण १४५ उष्मांक, साडेचार ग्रॅम प्रथिने, तीन ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि आठ ग्रॅम साखर येते, ज्यातली वरून घातलेल्या मधाची साखर दोन ग्रॅमहून कमी असते. बार लहान वाटेल, परंतु तो तेवढाच असावा. पौष्टिक म्हणून दुप्पट मोठा कापला, तर सारा हिशेब दुप्पट होतो.

प्रश्न : यजमानांना मधुमेह आहे. फक्त खजुराचा बार त्यांना मोकळेपणाने देता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. खजुराची साखरही रक्तातली साखर वाढवते. वरील प्रमाणात खजूर १०० ग्रॅमवर आणून जितका खजूर कमी केला तितके, म्हणजे ५० ग्रॅम, शेंगदाण्याचे लोणी वाढवावे, मध वगळावा आणि अर्धा बार जेवणाच्या हिशेबात धरून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाच्या शाळेत शेंगदाणे आणि बदाम-काजू यांना बंदी आहे. त्यांच्याऐवजी तीळ वाढवले तर चालतील का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : तीळ वाढवू नका. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत नववा धरला जातो, त्यामुळे शाळेला विचारल्याशिवाय तोही टाळलेला बरा. त्यांच्या जागी सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया घ्याव्यात आणि लोणीही सूर्यफुलाच्या बियांचे करावे. एक गंमत आधीच सांगून ठेवते : त्या मिश्रणात खाण्याचा सोडा पडला, तर दुसऱ्या दिवशी बार आतून हिरवा दिसू शकतो. ती बुरशी नव्हे. बियांतील क्लोरोजेनिक आम्लाची सोड्याशी अभिक्रिया होऊन तो रंग येतो आणि बार खाण्यास सुरक्षित असतो. मुलगा डब्यातून तो परत आणेल, एवढाच धोका. आमच्या बारला सोडा लागत नाही, म्हणून तो घालूच नये.

प्रश्न : धाकटा नातू दहा महिन्यांचा आहे. त्याला बार चुरून दिला तर चालेल ना?
— एक आजी, पुणे

उत्तर : मुळीच देऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध शिजवलेला असला तरी देत नाहीत, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो आणि घरातल्या भाजण्याने ते बीजाणू मरत नाहीत. शिवाय दाण्यांचे तुकडे घशात अडकण्याची भीती पहिल्या चार-पाच वर्षांत राहतेच. त्या वयात दाण्याचे बारीक कूटच वापरावे.

प्रश्न : पावसाळ्यात बार दोन दिवसांत सादळतात आणि नंतर खवट लागतात. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मध आणि गूळ हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून बार सादळतो. खवटपणा मात्र जवस, तीळ आणि दाण्यांतील तेलाचा हवेशी संयोग होऊन येतो, आणि भरड वाटलेल्या जवसात तो सर्वांत लवकर येतो. त्यामुळे कोकणात पावसाळ्यात जवस वगळून त्याऐवजी तितकेच तीळ घालावेत. प्रत्येक बार बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावा. तो दोन आठवडे चांगला राहतो. फ्रिजरमध्ये दोन महिनेही टिकतो आणि सकाळी डब्यात टाकला, की मधल्या सुट्टीपर्यंत खाण्याजोगा होतो.