मेमरी गेली कुठं? कर्नलवाल्यांचे प्रश्न

ह्या महिन्यात लिनक्स कर्नलच्या (हार्डवेअर आणि प्रोग्रॅम्सच्या मधला लिनक्सचा गाभा) मेमरीवरचे प्रश्न इतके आले की कॉलम पूर्ण त्यांनाच दिलाय. पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही एआरएम बोर्डवर डेटा लॉगर बनवतो, ५१२ एमबी रॅम, सेन्सरचा ड्रायव्हर आमचा स्वतःचा. बोर्ड सुरुवातीला मस्त चालतो पण दीड-दोन आठवडे झाले की स्लो होत जातो, मग ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) येऊन आमचं ॲप मारतो आणि शेवटी वॉचडॉग (सिस्टिम अडकली की रीबूट करणारा टायमर) रीबूट करतो. टॉप कमांडमध्ये एकही प्रोसेस फुगलेली दिसत नाही, ॲपला व्हॅलग्राइंड (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) लावून झालं, क्लीन आहे. सिनियर म्हणतात रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्रॅम) रीबूट टाक आणि विषय संपव. काय करू?

उत्तर: ॲप मारलं गेलं म्हणून ॲपला व्हॅलग्राइंड लावला, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ओओएम किलर बघतो कोणत्या प्रोसेसने जास्त मेमरी धरलीय, मेमरी गळती कोणामुळे होतेय हे त्याला कळतच नाही, आणि कर्नलने स्वतः खाल्लेली मेमरी कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसते त्यामुळे टॉपमध्ये ती दिसणार कशी.

पहिलं काम, कुठलंही टूल लावायच्या आधी, प्रॉक मेमइन्फो फाइल दर तासाला एका लॉगमध्ये टाकत रहा. त्यात स्लॅबच्या (कर्नल स्वतःच्या छोट्या ब्लॉकसाठी वापरतो ती मेमरी) दोन ओळी असतात, एस-रिक्लेमेबल आणि एस-अनरिक्लेम. पहिली वाढत असेल तर बहुतेक वेळा डेंट्री आणि आयनोडचा (फाइलींची नावं आणि माहिती) कॅश असतो, गरज पडली की कर्नल तो सोडतो, घाबरायचं कारण नाही (खात्री हवी असेल तर ड्रॉप-कॅशेसमध्ये २ लिहून बघा, आकडा धाडकन खाली येईल). दुसरी ओळ रोज थोडी थोडी चढतेय आणि कधीच उतरत नाही असं दिसलं तर चोर कर्नलमध्येच आहे, आणि तुमचा स्वतःचा ड्रायव्हर असताना मी तरी दुसरीकडे बघणार नाही.

मग स्लॅबटॉप, कुठल्या साइझचे किती ब्लॉक वापरात आहेत ते दाखवणारी कमांड. समजा केमॅलॉक-२५६ (केमॅलॉक म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन, २५६ म्हणजे खणाचे बाइट) ही ओळ वाढतेय. तुमच्या ड्रायव्हरमध्ये २०० बाइटचं स्ट्रक्चर असेल तर ते १९२ च्या खणात मावत नाही, २५६ च्या खणात जातं. दर सेकंदाला एक असं ब्लॉक सुटत राहिलं तर दिवसाला ८६,४०० ब्लॉक, म्हणजे साधारण २१ एमबी, आणि तुमच्या बोर्डवर अडीचशे-तीनशे एमबी मोकळी असेल तर बारा-चौदा दिवसांत खेळ खल्लास. तुमच्या दीड-दोन आठवड्यांशी हिशेब जुळतोय का बघा! एक मात्र लक्षात ठेवा, स्लब ॲलोकेटर (हे ब्लॉक वाटणारा कर्नलचा भाग) सारख्या साइझचे कॅशे एकत्र करून टाकतो, त्यामुळे स्लॅबटॉपमधल्या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बूट पॅरामीटरमध्ये स्लॅब-नोमर्ज टाकून परत बघा.

आता केमेमलीक, कर्नलमधली गळती शोधणारं टूल. हे २००९ पासून, २.६.३१ व्हर्जनपासून कर्नलमध्येच आहे, फक्त डीबग कॉन्फिगमधून चालू करून कर्नल परत बिल्ड करावा लागतो. ते करतं काय तर दिलेल्या प्रत्येक ब्लॉकची नोंद ठेवतं आणि मधूनमधून सगळी मेमरी चाळून बघतं की ह्या ब्लॉकचा पत्ता कुठं तरी साठवलेला आहे का, कुठंच नसेल तर तो ब्लॉक आता कोणीच फ्री करू शकत नाही. बूट झाल्यावर डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या डीबग फाइली जिथं दिसतात ती जागा) केमेमलीक फाइलमध्ये आधी क्लिअर लिहा, मग लोड द्या, मग स्कॅन लिहा, थोडं थांबून परत स्कॅन. एकाच स्कॅनमध्ये आलेल्या नावाला फासावर लटकवू नका, पॉइंटर त्या क्षणी रजिस्टरमध्ये असेल तर खोटा अलार्म येतो. आणि लोड म्हणजे नुसतं चालू ठेवणं नाही, सेन्सरची वायर काढा, परत लावा, अर्धवट लावा. कारण गळती नव्वद टक्के वेळा एरर पाथवर असते, हा माझा अंदाज आहे, सर्व्हे नाही. बफर घेतला, सेन्सरला कमांड पाठवली, टाइमआउट आला, रिटर्न मायनस ईटाइम्डआउट आणि बफर तसाच राहिला. रिपोर्टमध्ये साइझ, प्रोसेसचं नाव आणि बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं ती साखळी) येतो, त्यातलं तुमच्या ड्रायव्हरचं फंक्शन उघडा आणि त्यातला प्रत्येक रिटर्न बोट ठेवून वाचा.

केमेमलीक गप्प राहिलं तरी एस-अनरिक्लेम चढतंच आहे, असंही होऊ शकतं. तेव्हा ड्रायव्हरच्या कोडमध्ये डेव्हएम-केझॅलॉक (डिव्हाइसला बांधलेली मेमरी मागायचं फंक्शन) शोधा. लोकांना वाटतं डेव्हएम लावलं की आपोआप फ्री होतं, होतं ना, पण ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटेल तेव्हा! प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडताना एकदा चालणारं फंक्शन) वापरलं तर उत्तम, पण दर सेकंदाच्या रीडमध्ये वापरलं तर ब्लॉक डिव्हाइसच्या यादीत साठत जातात, यादीत पॉइंटर आहे म्हणून केमेमलीकच्या दृष्टीने सगळं आलबेल. अशा वेळी स्लब डीबगचा यू फ्लॅग (ब्लॉक कोणी घेतला ते नोंदवणारा) त्या एका कॅशेला लावा, मग डीबगएफएसमध्ये त्या कॅशेच्या ॲलॉक-ट्रेसेसमध्ये कुठल्या फंक्शनने किती ब्लॉक घेतलेत ते सरळ आकड्यांत दिसतं. कर्नल ६.१० किंवा पुढचा असेल तर ॲलोकेशन प्रोफायलिंग आलंय, प्रॉकमध्ये ॲलॉकइन्फो फाइल मिळते, सोर्स फाइल आणि लाइन नंबरसकट. एम्बेडेडवाल्यांच्या नशिबी बहुतेक जुनाच कर्नल असतो ते मला माहितीय.

आणि स्लॅबच्या दोन्ही ओळी स्थिर असून मेमरी जातच असेल तर कोणीतरी थेट पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) घेतंय, त्याला केमेमलीक बघत नाही, तिथं बूटला पेज-ओनर (कुठलं पेज कोणी घेतलं ते नोंदवणारं) ऑन करा.

सिनियरना सांगा क्रॉनचा रीबूट डीबग होईपर्यंत राहू दे, गिऱ्हाइकाचा डेटा जाण्यापेक्षा बरा.

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे, फायनल इयर. प्रोजेक्टसाठी एक छोटं कर्नल मॉड्यूल लिहिलंय, त्यात टायमर आहे आणि डिव्हाइसचं नाव साठवतो. मॉड्यूल काढलं की कधी काहीच होत नाही आणि कधी दोन मिनिटांनी लॅपटॉप क्रॅश होतो, आणि ऊप्समध्ये (कर्नलच्या क्रॅश रिपोर्टमध्ये) ईएक्सटी४ ह्या फाइल सिस्टिमचं फंक्शन दिसतं! फाइल सिस्टिमला तर मी हातही लावला नाही. गाइड म्हणतात हार्ड डिस्क खराब आहे. खरंच असेल का?

उत्तर: हार्ड डिस्कला उगाच बदनाम करू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ऊप्समध्ये ज्याचं नाव येतं तो मेमरी बिघडलेली सापडल्यावर पडलेला असतो, बिघडवणारा कधीच निघून गेलेला असतो, तुझ्या केसमध्ये तर आरएममॉड (मॉड्यूल काढायची कमांड) होऊन.

आधी एक काम कर, स्वतःच्या लॅपटॉपवर हे प्रयोग बंद. क्यूईएमयूमध्ये (सॉफ्टवेअरमधलं आभासी मशीन) कर्नल चालव, क्रॅश झाला तर पाच सेकंदात परत उभा राहतो आणि तुझा प्रोजेक्ट रिपोर्टही सुरक्षित राहतो.

आता तू पाठवलेल्या कोडमध्ये मला दोन गोष्टी दिसल्या. एक, एक्झिट फंक्शनमध्ये स्ट्रक्चर केफ्री केलंस (म्हणजे मेमरी परत दिलीस) पण टायमर नुसता डेल-टायमरने काढलास. तो कॉल टायमर रांगेतून काढतो, पण टायमरचं फंक्शन दुसऱ्या सीपीयूवर त्याच क्षणी चालू असेल तर ते संपायची वाट बघत नाही. ते फंक्शन मग फ्री झालेल्या स्ट्रक्चरमध्ये लिहितं, आणि तोवर तो ब्लॉक कर्नलने दुसऱ्या कोणाला, समजा ईएक्सटी४ लाच, दिलेला असतो. म्हणून कधी होतं आणि कधी नाही. टायमर-डिलीट-सिंक वापर (जुन्या कर्नलात डेल-टायमर-सिंक), आणि तुझं टायमर फंक्शन स्वतःलाच परत लावतंय त्यामुळे आधी टायमर आणि मग केफ्री, हा क्रम चुकवू नकोस. वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) असेल तर कॅन्सल-वर्क-सिंक.

दोन, नावासाठी केमॅलॉकला स्ट्रलेनची लांबी दिलीस आणि मग स्ट्रकॉपी केलंस, म्हणजे नाव कुठं संपतं ते दाखवणाऱ्या शेवटच्या शून्याला जागाच नाही. गंमत बघ, नाव २० अक्षरांचं असेल तर ब्लॉक ३२ चा मिळतो, शून्य त्या रिकाम्या भागात पडतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. नाव बरोबर ३२ अक्षरांचं झालं की तेच शून्य शेजारच्या ब्लॉकच्या पहिल्या बाइटवर जाऊन बसतं. तू टेस्टिंगला छोटी नावं देत असशील तर हा बग व्हायव्हापर्यंत टिकेल आणि एक्स्टर्नलसमोरच उठेल. केस्ट्रडप वापर, ते शून्यासकट जागा घेऊन कॉपी करतं, विषय संपला.

पण मी डोळ्यांनी बघून सांगितलं म्हणून सोडू नकोस, केॲसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं टूल) चालू करून स्वतः पकड. २०१५ मध्ये ४.० व्हर्जनला आलं. दर ८ बाइटसाठी १ बाइट सावलीसारखा बाजूला ठेवून कुठल्या बाइटला हात लावायला परवानगी आहे ते लिहून ठेवतं आणि कंपायलर प्रत्येक वाचन-लेखनाआधी तपासणी घुसवतो. म्हणून एका बाइटची चूकही जागच्या जागी पकडली जाते, आणि म्हणूनच ते स्लो आहे आणि आठवा हिस्सा मेमरी खातं. यूज-आफ्टर-फ्रीच्या (फ्री केलेली मेमरी वापरल्याच्या) रिपोर्टमध्ये तीन स्टॅक येतात, आत्ता कोणी हात लावला, ब्लॉक कोणी घेतला होता आणि कोणी फ्री केला होता. पोरं पहिला स्टॅक वाचून थांबतात, तू तिसरा आधी वाच.

केॲसॅन झेपत नसेल इतकं छोटं मशीन असेल तर स्लब डीबगला एफझेडपीयू हे फ्लॅग दे. फ्री झालेल्या ब्लॉकमध्ये कर्नल ६बी भरून ठेवतो, त्यामुळे ऊप्समध्ये रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी अशी माळ दिसली की समजायचं, फ्री झालेल्या मेमरीतून उचललेला पॉइंटर आहे. ही माळ एकदा बघितली की विसरत नाही कोणी.

प्रश्न: डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ५ असं येतं. पण फ्री कमांड २०० एमबी मोकळी दाखवते. मग फेल कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ऑर्डर ५ म्हणजे २ चा पाचवा घात, ३२ पेजेस, ४ केबीचं पेज धरलं तर १२८ केबी, आणि हे सगळं सलग हवं. एसटीत वीस सीट रिकाम्या आहेत पण पाच जणांना एकत्र बसायला सलग जागा नाही, तशातला प्रकार. प्रॉकमधली बडीइन्फो उघडा, डावीकडून पहिला आकडा ऑर्डर शून्यचा, मग एक, दोन असं पुढे. डावीकडे मोठे आकडे आणि उजवीकडे शून्यच शून्य दिसतील. ऑर्डर ३ पर्यंत कर्नल जिवाचं रान करतो, त्याच्यावर गेलात तर लवकर हात वर करतो.

बफर फक्त सीपीयूनेच वापरायचा असेल तर केव्हीमॅलॉक करा, सलग मिळालं तर ठीक, नाहीतर ते विखुरलेली पेजेस जोडून देतं, आणि फ्री करताना केव्हीफ्री, केफ्री नाही. पण डीएमएला (सीपीयूशिवाय हार्डवेअर थेट मेमरी वापरतं तो प्रकार) द्यायचा असेल तर हा उपाय चालत नाही, तो बफर डीएमए-ॲलॉक-कोहेरंटने प्रोबमध्येच, बूट ताजं असताना घेऊन ठेवा, आणि मोठा असेल तर सीएमएचा (सलग मेमरीसाठी राखीव जागेचा) भाग राखून ठेवा. दर वेळी घ्यायचा-सोडायचा उद्योग बंद करा.

प्रश्न: मेमरी मागताना सगळीकडे जीएफपी-ॲटॉमिक फ्लॅग टाकला तर स्लीपिंग फंक्शनवाली (थांबायला मनाई असलेल्या जागी थांबलात अशी) वॉर्निंग जाते, मग तेच टाकू का सरसकट?

उत्तर: नका. ॲटॉमिक म्हणजे थांबायचं नाही, त्यामुळे मेमरी कमी असताना कर्नल कॅश रिकामा करून तुम्हाला देऊ शकत नाही, राखीव साठ्यातून देतो आणि तोही संपला की सरळ नल, म्हणजे मेमरी मिळालीच नाही. इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक (धरलेला असताना झोपायची परवानगी नसलेलं कुलूप) धरलेला असताना तेच वापरायचं, बाकी सगळीकडे जीएफपी-कर्नल. ती वॉर्निंग आली तर बघा की स्पिनलॉक धरून तुम्ही ॲलोकेट का करताय, बहुतेक वेळा ती ओळ लॉकच्या वर नेता येते. आणि दोन्हीकडे नल चेक करा हो, नाशिकच्या वाचकाच्या पत्रासोबत आलेल्या कोडमध्येसुद्धा तो कुठंच नव्हता.