इंग्लंडला निघताना: ‘मुलं काढून घेतात’ म्हणजे नेमकं काय?

ताई, तुम्ही विचारलंय की जुलैत मुलुंडहून इंग्लंडला यायचंय, लेक दीड वर्षाची आहे, आणि सरकारनं मुलं काढून घेतल्याच्या नॉर्वे-जर्मनीच्या बातम्या वाचून सासूबाई घाबरल्यात. तिकडे मुलं दत्तक देऊन टाकतात, आईबापाला तोंडही पाहू देत नाहीत, हे खरं का? मी मूळची परळची, गेली नऊ वर्षं लीड्सला आहे.

उगाच कोणी दारात येत नाही. पण आईवडिलांची संमती नसतानाही कोर्ट मूल दत्तक देऊ शकतं, हे खरं आहे. आधी मुलाला गंभीर इजा झाली किंवा होण्याची शक्यता आहे, हे सिद्ध व्हावं लागतं (मुलांच्या संरक्षणाचा १९८९चा कायदा, Children Act). त्यानंतरही दत्तक शेवटचा उपाय. दुसरं काहीच चालण्यासारखं नसेल तरच, असं इथल्या सुप्रीम कोर्टानं २०१३मध्ये स्पष्ट केलं. दुसरं घर जास्त चांगलं आहे, एवढं कारण पुरत नाही.

आपल्याला तारखांवर तारखा पडायची सवय; इथे मात्र मूल ताब्यात घ्यायची केस २६ आठवड्यांत उरकायचा नियम आहे. म्हणून अशी वेळ आलीच तर डोंबिवलीची आत्या, नाशिकचे आजोबा, जे मूल सांभाळतील त्यांची नावं पहिल्याच आठवड्यात द्यायची. परदेशातल्या नातेवाइकांचीही चौकशी होते, फक्त तिला वेळ लागतो. आणि ‘मूल तात्पुरतं आमच्याकडे ठेवतो, सही करा’ असं काउन्सिलचे, म्हणजे इथल्या पालिकेचे, लोक म्हणाले तर थांबा. तो त्याच कायद्याच्या कलम २०चा कागद ऐच्छिक असतो, आधी वकिलाला दाखवा. केस कोर्टात गेली की आईवडिलांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, पगार कितीही असो.

खरी मेख भेटींची आहे. मूल काउन्सिलच्या ताब्यात असताना आईवडिलांना वाजवी भेट द्यावीच लागते. पण भेटी कमी झाल्या की ओढ कमी होते, आणि मग ‘नातंच उरलं नाही’ म्हणून दत्तक! नॉर्वेच्या स्ट्रँड लोबेन खटल्यात हेच झालं: वर्षाला चार-सहा भेटी, त्याही दोन-दोन तासांच्या. २०१९मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं नॉर्वेला दोषी धरलं. एवढ्याशा भेटींवरून आईची पारख करायची तरी कशी?

दत्तक गेल्यावर इंग्लंडमध्ये बहुधा वर्षातून एक-दोन पत्रं, तीही मध्यस्थामार्फत. २०१४पासून न्यायाधीश भेटीचा आदेश देऊ शकतात, पण दत्तक पालकांची इच्छा नसेल तर क्वचितच देतात. अलीकडे प्रत्यक्ष भेटींचा विचार आधीच व्हावा, असा वरच्या न्यायाधीशांचा सूर आहे. आपल्याकडे आईवडिलांनी स्वतःहून बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवलं की फेरविचाराला ६० दिवस, पुढे पत्रसुद्धा नाही. तेव्हा आपणच फार मायाळू, असं समजायला नको.

आता रोजचं. चापट मारणं स्कॉटलंडमध्ये २०२०पासून आणि वेल्समध्ये २०२२पासून पूर्ण बंद. इंग्लंडच्या कायद्यात अजून थोडी पळवाट आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

माझा लेक दहा महिन्यांचा असताना पाळणाघरातल्या बाईंनी त्याच्या कमरेखालचा निळसर डाग पाहून मार लागल्याचा फॉर्म भरायला घेतला. आपल्या बाळांना असा जन्मडाग सर्रास असतो, पण त्यांना ते काळंनिळं वाटलं. मी त्याचं लाल पुस्तक (इथे प्रत्येक बाळाच्या तब्येतीच्या नोंदींची वही असते ती) काढलं, आत आरोग्यसेविकेची तारखेसकट नोंद होती, म्हणून पाच मिनिटांत मिटलं. तुमच्या लेकीला असा डाग असेल तर मुलुंडच्या डॉक्टरांकडून कुठे, केवढा, हे तारीख घालून इंग्रजीत लिहून घ्या. आणि तो कागद हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका.