त्सू म्हणजे भाडं नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की चीनच्या हान राजवटीत शेतकरी सरकारला 'त्सू' भरायचे, डिक्शनरीत त्सू म्हणजे भाडं दिसतं, तर मराठीत 'जमिनीचं भाडं' लिहिलं तर चालेल का.

नाही चालणार. हे 'भाडं' इतक्या ठिकाणी वाचलंय की आता डोकं उठतं, आणि त्याच्यामागून ठरलेलं वाक्य येतंच, 'म्हणजे सगळी जमीन सम्राटाची होती'. अहो, घरभाडंवाला त्सू आजचा. इ.स. 100 च्या सुमाराला श्यू शनने कोश केला, त्यात त्सू म्हणजे सरळ शेतावरचा कर. आपला शेतसारा, संपलं. आणि जमीन लोक बिनधास्त विकत-घेत होते. सगळी सम्राटाचीच असती तर इ.स. 9 मध्ये हानांची गादी बळकावणाऱ्या वांग मांगला 'आजपासून ही राजाची शेतं, खरेदी-विक्री बंद' असा हुकूम कशाला काढावा लागला असता? तोही तीन वर्षांत गुंडाळला.

पण खरी मजा त्सूत नाहीच, 'फू'त आहे! हाही करच, पण अक्षर बघा ना. त्सूच्या डाव्या अंगाला धान्याचं रोप, फूच्या डाव्या अंगाला कवडी, म्हणजे पैसा, आणि उजवीकडे 'वू' म्हणजे युद्ध, आणि त्या वूच्या पोटात परत एक शस्त्र आणि एक पाऊल. कवडी अधिक लढाई! आता श्यू शन म्हणतो वू फक्त उच्चारापुरता बसवलाय, आणि त्याच्या मागून सगळे तीच री ओढतात. मला नाही पटत. हानांचाच इतिहास सांगतो की फू हा रथ, घोडे, चिलखतं आणि शस्त्रं यांच्यासाठी. इ.स.पू. 203 मध्ये 'स्वानफू' सुरू झाला, 15 ते 56 वयाच्या बाईबाप्या सगळ्यांवर माणशी 120 नाणी, तोही शस्त्रागार आणि रथघोड्यांच्याच नावाने. सारा धान्यात, ही डोईपट्टी रोख. एवढं जुळल्यावर म्हणे निव्वळ उच्चार! (याच अक्षराचा एक लांबलचक काव्यप्रकारही आहे, त्यावर बसलो तर रात्र सरेल.)

हां, तुमचं भाडं राहिलं. ते होतं, पण सावकाराच्या जमिनीवर. सरकारी सारा इ.स.पू. 156 पासून तिसात एक, इतका हलका, पण दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं निम्मं पीक मालकाच्या घरात. हानांच्या दरबारातला विद्वान तोंग चोंगशू वांग मांगच्या आधीच रडून गेलाय की श्रीमंतांची शेतं बांधाला बांध लागून पसरलीत आणि गरिबाला आरी टेकवायला जागा नाही. वांग मांगनेही हेच सुनावलं, नावाला तिसात एक, खरे जातात दहात पाच. आणि गंमत म्हणजे मालकाच्या या निम्म्या वाट्यालाही मूळ चिनीत दोघांनी शब्द वापरलाय 'श्वै', म्हणजे चक्क कर! तेव्हा डिक्शनरी मिटा, त्सूला सारा लिहा, आणि हा श्वै दिसला तर अर्धेली.